मोठे सर व टीम

ताईला नोकरीचं आमंत्रण आलं ते जाड, गुळगुळीत कागदावर. मी रुग्णांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून त्यांचे गठ्ठे बांधून घेते आणि वारज्याच्या पुलाखाली येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात कोंबते. त्यामुळे छापील कागद दिसला की आधी तो चिमटीत धरून बघायची खोड मला लागली आहे. कागद जितका जाड तितका आतला मजकूर पोकळ, हे मी अनुभवाने सांगते. हा फारच जाड होता.

'वाढत्या नेत्रसमूहात तरुण शल्यचिकित्सकांना अमर्याद संधी', असं वर लिहिलेलं. खाली पुण्याचा नकाशा आणि त्यावर निळे ठिपके. जिथे त्यांचं डोळ्यांचं हॉस्पिटल, तिथे ठिपका. कर्वेनगरात मोठा ठिपका, कारण मुख्य हॉस्पिटल तिथे. वारज्यावर नुसतं रिकामं वर्तुळ, म्हणजे 'लवकरच'. आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे असलेले मोठे सर, या सगळ्या ठिपक्यांचे जनक.

"यात 'आपण' किती वेळा आलंय बघ," मी ताईला म्हटलं. "आपण वाढू, आपण शिकू, आपण घडवू. तुम्हाला अमुक मिळेल, असं सरळ एक वाक्य दाखव."

"शेवटून दुसरं," ताई म्हणाली. तिने केव्हाच शोधून ठेवलं होतं. तीन वर्षांनंतर पात्र सहकाऱ्यांना भागीदारी, आणि दर्शनी फलकावर नाव.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. डोळ्यांची सर्जन होऊन तिला तेव्हा वर्ष झालं होतं आणि ते वर्ष तिने एका हॉस्पिटलच्या अंधाऱ्या खोलीत, 'हे स्पष्ट दिसतं की ते' असं विचारत, चष्म्याचे नंबर काढण्यात घालवलं होतं. नव्या सर्जनला सगळीकडे हेच काम. ऑपरेशनं मालक करतो. आणि सर्जनचा हात चालला नाही तर तो जातो, गवयाच्या गळ्यासारखा. "इथे निदान डोळे मिळतील," ती म्हणाली. कुणी म्हणेल, केवढी महत्त्वाकांक्षा! महत्त्वाकांक्षा कसली, इतकी वर्षं जे शिकली ते करायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते केलं की खाली आपलं नाव असावं, एवढंच.

त्यांनी उमेदवारांसाठी कर्वेनगरातल्या एका हॉलमध्ये संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला होता. सोबत एकाला आणायची मुभा होती, म्हणून मी गेले. ताटात पनीर आणि पडद्यावर मोठे सर. सर प्रत्यक्षात समोर उभे असतानाही मागे पडद्यावर त्यांचंच छायाचित्र, म्हणजे कुणाची चुकून नजर हटली तरी सरांवरच पडावी.

"आम्ही नोकरी देत नाही," सर म्हणाले, "आम्ही कुटुंबात घेतो."

"म्हणजे सुट्टी मागायची नाही," मी ताईच्या कानात म्हटलं.

"गप्प बस आणि जेव."

मग एचआरची मुलगी टेबलाटेबलावरून फिरली. माझ्याच वयाची. "मॅम, आमच्याकडे एकच रूल आहे," ती ताईला म्हणाली. "ईगो बाहेर काढून ठेवायचा, शूजसारखा. ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, फक्त टीम असते."

"आणि तुमच्या सरांचे शूज कुठे असतात?" मी विचारलं. ती मनापासून हसली. तिला वाटलं, मी विनोद केला.

ताईने सही केली. उजव्या हाताने. हे मुद्दाम सांगते, कारण ताई मुळात डावखुरी. बाबांनी लहानपणी तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायचा असा काही सपाटा लावला, की लिहायला तिचा उजवा हात तयार झाला. बाकी सगळं डाव्याने. शिकत असताना ती घरी बकऱ्याच्या डोळ्यांवर टाके घालायचा सराव करायची. ते डोळे आणायचं काम माझं. कोपऱ्यावरचे मटणवाले चाचा, ज्यांचं दुकान त्यांच्या आजोबांपासूनचं, मला पाहिलं की हाक मारायचे, "डॉक्टरीणबाईंचे सहा काढून ठेवलेत. बर्फात न्या, उन्हात फुगतात." मी स्टीलच्या डब्यात ते घेऊन यायचे आणि बाबा वर्तमानपत्राआडून विचारायचे, "उद्या याच डब्यात माझ्या पोळ्या येणार नाहीत, अशी आशा करू का?"

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. खडकवासल्याच्या कचेरीत आयुष्यभर कागद वाचले, त्यामुळे घरात आलेलं लग्नपत्रिकेपासून वीजबिलापर्यंत सगळं वाचतात आणि चुका काढतात. ताईच्या नोकरीला वर्ष होत आलं, तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने अधू झाले. चुका सापडेनात. माणूस घाबरला.

"ताई आहे की," मी म्हटलं.

"घरचा डॉक्टर सर्दीपडशाला ठीक," बाबा म्हणाले. "डोळ्यात सुरी घालायची आहे. तीही हिने? डाव्या हाताने?"

ताई तिथेच भाजी निवडत बसली होती. बाबांनी तिच्याच हॉस्पिटलमध्ये, खास मोठ्या सरांच्या हातून ऑपरेशनसाठी नाव नोंदवलं. सरांच्या पेशंटना सोनेरी फाइल मिळते. बाबा ती फाइल सोसायटीच्या जिन्यातून नेताना अशी धरायचे, की रंग दिसलाच पाहिजे.

ऑपरेशनच्या दिवशी संमतिपत्रावर सही हवी होती. बाबांना ते वाचता येईना, म्हणून मी वाचून दाखवलं. 'न वाचता सही करू नका' हे वाक्य मी स्वतः किती पत्रकांत ठळक छापून घेतलं असेल! तर मी वाचलं. शस्त्रक्रिया कोण करणार, या ओळीवर सरांचं नाव होतं आणि पुढे दोन शब्द: 'व टीम'. ते मी वाचले नाहीत. असतंच असलं काहीतरी शेवटी, म्हणून सोडून दिले. बाबांनी सही केली.

त्या हॉस्पिटलात एक कौतुकाची गोष्ट आहे. बाहेर नातेवाइकांच्या खोलीत भला मोठा टीव्ही लावलाय, त्यावर आतलं ऑपरेशन दिसतं. शेजारी पाटी: 'आमची पारदर्शकता'. दिसतो काय, तर परातीएवढा डोळा आणि त्यात शिरणारी हत्यारं. करणाऱ्याचा चेहरा नाही, हात नाही, आवाजसुद्धा नाही. पारदर्शकता कशी असावी हे यांच्याकडून शिकावं. जे दिसून काही कळणार नाही, तेवढंच दाखवायचं.

मी आणि आई बसलो होतो. आमच्या आधी तीन डोळे झाले. एक जाड नळीसारखं हत्यार उजवीकडून यायचं, मोतीबिंदूचे तुकडे करून ओढून घ्यायचं, आणि डावीकडून एक बारीक आकडा मदतीला. तिन्ही वेळा तसंच. मग पडद्याच्या तळाशी बाबांचा नंबर आला. त्यांचा डोळा पडद्यावर मावेना. जाड हत्यार आलं, ते डावीकडून. आत शिरण्याआधी डोळ्याच्या कडेला दोनदा हलकेच टेकलं.

आईने माझा दंड धरला. "ही आपली आहे."

"काय?"

"ताटाच्या कडेला चमचा असाच दोनदा टेकवते ती. मगच पहिला घास. स्वतःच्या हाताने जेवायला लागली तेव्हापासून."

मी बघत राहिले. बकऱ्याच्या डोळ्यावर सुई घालण्याआधीही ती असंच करायची, आणि मोठे सर उमेदवारांच्या त्या कार्यक्रमात फळ्यावर आकृत्या काढत होते त्या उजव्या हाताने. मी उठले. काउंटरवर जाऊन आरडाओरडा करायचा, हे ठरलंच होतं.

"बस," आई म्हणाली. "त्यांचा डोळा उघडा आहे आत."

मी बसले. काही मिनिटांत नवं भिंग आत जाऊन उलगडलं, एखाद्या कळीसारखं, आणि जागेवर बसलं. इतकं स्वच्छ काम, की शेजारचे अनोळखी काका म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांचा हात बघा. वा!"

बाबा बाहेर आले ते खुशीत. "समजलंसुद्धा नाही. आणि किती धीर देत होते सर! काका, मी इथेच आहे, काका, दिव्याकडे बघा. मोठा माणूस, पण सारखा बोलत होता."

घरी ताईला मी पार्किंगमध्येच गाठलं. तिने स्कूटर स्टँडवर लावली आणि सगळं सांगितलं, फार तर दोन मिनिटांत, जणू एखाद्या पेशंटला घरी कोणते थेंब घालायचे ते सांगतेय. पेशंटचा चेहरा हिरव्या कापडाने झाकलेला असतो. फक्त भूल दिलेला डोळा उघडा. माणूस जागा असतो आणि ऐकत असतो. ओटीत दोन टेबलं. दोन्हीकडे सरांचे सोनेरी पेशंट, आणि दोन्हीकडे ऑपरेशन करणारे तरुण सर्जन. सर मध्ये उभे राहून आलटून पालटून दोन्हीकडे बोलतात. सर्जनने बोलायचं नाही. एक अक्षर नाही. काही हवं असलं तर नर्सला खूण करायची.

"सर स्वतः?"

"सर शाखा उघडतात. डोळे आम्ही उघडतो."

"आणि तू वर्षभर मुकी?"

"अजून दोन वर्षं. मग फलक." ती हेल्मेट काढत म्हणाली. "सकाळी यादीत बाबांचं नाव बघितलं. नाही म्हणू शकले असते. मग ते दुसऱ्या टेबलावर गेले असते. तो मुलगा घाई करतो."

मी वर गेले आणि पत्रक लिहायला बसले. शीर्षक एका झटक्यात सुचलं: 'सरांच्या नावाखाली शिकाऊ हात! तुमच्या डोळ्यात सुरी कुणाची?' खाली धमाल मजकूर. वाचून माझं मलाच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ताईला दाखवला.

तिने वाचला. कप खाली ठेवला. "शिकाऊ कोण?"

"अगं, तो एक शब्द. लोकांना लगेच कळतो."

"काय कळतं? मी शिकाऊ आहे हे? ते सर मला टीम म्हणतात, तू शिकाऊ म्हण. माझं नाव तुमच्यापैकी कुणालाच नकोय." तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "यात मोठ्या सरांचं सगळं आलंय. माझं काम चांगलं होतं, हे एकदा तरी लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. सुचलंच नव्हतं. लोकांना भडकवायचं असेल तर प्रत्यक्ष काम करणारा माणूस अडाणी दाखवावा लागतो, ही आमच्या धंद्याची युक्ती आहे आणि मी ती स्वतःच्या बहिणीवर वापरली होती. मोठ्या सरांबद्दल माझ्या मनात जी तुच्छता आहे, तिच्यातला एक चमचा त्या सकाळी मला स्वतःसाठी ठेवावा लागला. पत्रक पिशवीच्या तळाशी गेलं. बाबांना काही सांगायचं नाही, असं ताईने आमच्याकडून वदवून घेतलं. सांगितलं असतं तर ते हॉस्पिटलात जाऊन भांडले असते आणि फलकावरचं नाव तिथेच पुसलं गेलं असतं.

महिनाभर बाबांनी उच्छाद मांडला. एका डोळ्याने त्यांना पुन्हा चुका सापडायला लागल्या होत्या. सोसायटीच्या नोटिसा ते लाल पेनने दुरुस्त करून परत लावायचे. येईल त्याला सरांचा महिमा सांगायचे. "जायचं तर त्यांच्याकडेच. बाकीचे सगळे चष्म्याचे दुकानदार." आणि एकदा जेवताना ताईला म्हणाले, "काम करतेसच तिथे, तर जरा बघत जा सरांचा हात. शीक काहीतरी."

ताईने चमचा ताटाच्या कडेला टेकवला. एकदा, दोनदा. आणि जेवायला लागली. आई उठून पाणी आणायला गेली, तांब्या भरलेला असताना.

दुसऱ्या डोळ्याच्या दिवशी संमतिपत्र बाबांनी स्वतः वाचलं, बऱ्या डोळ्याने. "टीम म्हणजे कोण?" त्यांनी काउंटरवर विचारलं.

"नर्स वगैरे, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली. बाबांनी सही केली. मी खाली बघत होते.

पुन्हा तीच खोली, तोच टीव्ही. जाड हत्यार डावीकडून आलं. दोनदा टेकलं. काम सुरू झालं. अर्ध्यावर आलं असेल आणि डोळा हलला. आधी थोडा, मग चांगलाच. हत्यारं झटकन बाहेर निघाली. डोळा इकडून तिकडे फिरत होता, काहीतरी शोधत असल्यासारखा. आईने पदर तोंडाला लावला. आवाज नसलेला तो टीव्ही त्या वेळी फोडावासा वाटला मला. शेजारची बाई म्हणाली, "असं होतं का हो?" मला काय माहीत!

आणि मग डोळा थांबला. एकाएकी. सरळ वर बघत राहिला. हत्यार परत आलं, डावीकडूनच.

आत काय झालं ते नंतर कळलं. सरांना वारज्याच्या शाखेच्या उद्घाटनाचा फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. हिरव्या कापडाखाली बाबांना आवाज येईनासा झाला. ते म्हणाले, "सर?" कुणी बोलेना. "सर, आहात ना?" आणि मान वळवायला लागले, डोळ्यात हत्यार असताना. नर्स सरांना बोलवायला धावली. दुसऱ्या टेबलावरचा मुलगा नियमाप्रमाणे गप्प. भिंग ज्या पिशवीत बसवायचं ती कागदाहून पातळ असते. ती फाटली असती, तर ताईच्या वर्षभराच्या मौनाची किंमत बाबांच्या डोळ्यातून वसूल झाली असती.

"बाबा," ताई म्हणाली. "हलू नका. मी आहे."

बाबा हलले नाहीत.

ते बाहेर आले ते डोळ्यावर पारदर्शक कवच लावून. खुर्चीत बसले. आईने विचारलं, "दुखतंय का?"

"पहिलाही हिनेच केला होता का?" बाबा म्हणाले.

आईने 'हो' म्हणून मान हलवली. बाबा उठले, काउंटरवर गेले, डिस्चार्ज कार्ड घेतलं आणि तिथेच उभ्याने वाचलं. "हे चुकलंय," ते म्हणाले. "ऑपरेशन यांनी केलेलं नाही. दुरुस्त करून द्या."

"काका, ते सिस्टिममधूनच तसं येतं."

"मी पाटबंधारे खात्यात होतो. सिस्टिम मला सांगू नका. ज्याने काम केलं त्याचं नाव घाला, तोपर्यंत मी त्या टीव्हीखाली बसतो." आणि बसले. बाकीचे नातेवाईक आता ऑपरेशन सोडून बाबांकडे बघायला लागले.

ताई आली. डोक्यावर अजून हिरवी टोपी. तिच्यामागे मोठे सर, फोटोतल्यापेक्षा बरेच बुटके. "मॅडम, आपण केबिनमध्ये बोलू," ते म्हणाले. तिथेही 'आपण'.

ताईने बाबांच्या हातातलं कार्ड घेतलं, काउंटरवर ठेवलं, सरांचं नाव खोडलं, 'व टीम' खोडलं आणि वर आपलं पूर्ण नाव लिहिलं. उजव्या हाताने, बाबांनी घटवून घेतलेल्या त्या वळणदार अक्षरात. मग म्हणाली, "चला सर, केबिनमध्ये."

बाबांनी कार्ड जवळ धरून वाचलं, बऱ्या डोळ्याने. पुन्हा वाचलं. घडी न घालता खिशात ठेवलं.

भागीदारी अर्थातच गेली, नोकरीही गेली. 'टीम स्पिरिट'चा अभाव, असं पत्र आलं, त्याच जाड कागदावर. नवं पत्रकही मी लिहिलं, आधी ताईकडून वाचून घेतलं, आणि त्यांच्या फाटकावर वाटलं. बहुतेकांनी घडी घालून खिशात टाकलं आणि आत गेले, सोनेरी फाइल सावरत. वारज्याचं वर्तुळ आता भरून निळं झालंय.

ताई सध्या एका ट्रस्टच्या साध्या हॉस्पिटलात ऑपरेशन करते. तिथे टीव्ही नाही. ओटीच्या दाराबाहेर एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी खडूने पेशंटचं आणि पुढे सर्जनचं नाव लिहितात, संध्याकाळी पुसतात. पहिल्या दिवशी बाबा काही कारण नसताना तिच्या मागोमाग बसने गेले, फळ्यापुढे उभे राहिले आणि दुपारच्या जेवणाला घरी परत आले.

"कसं आहे?" आईने विचारलं.

"अक्षर गचाळ आहे," बाबा म्हणाले. "नाव बरोबर आहे."